बांगड्या काढून येणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम घरात पाऊल टाकायच्या आधी हातातल्या बांगड्या काढत. आधी चपला, मग बांगड्या. बाहेरच्या पायरीवर बसून एकेक करून हिरव्या काचेच्या बांगड्या उतरवायच्या, रुमालात गुंडाळायच्या, पर्समध्ये ठेवायच्या आणि मगच आत यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थबकले. कपाळाला टिकली, गळ्यात काळी पोत, आणि ही बाई भर दुपारी माझ्या दारात बसून हात रिकामे करते. आपल्याकडे बाई बांगड्या कधी उतरवते ते मी सांगायला नको. मला वाटलं, ही काहीतरी वाईट घेऊन आली. दुसरं काय वाटणार, राणूला न्यायलाच आली असं वाटलं.

राणू कोण ते आधी सांगते. हे तिचं कागदावरचं नाव नाही. ते असं कुठे लिहायचं नसतं, हेही मॅडमनीच शिकवलं. मी तेव्हा एका बालगृहात पोळ्या करायला जात असे. ही सात वर्षांची पोर स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून राहायची आणि माझं लाटणं फिरताना बघायची. बोलायची नाही, हाक मारली तर वळायची नाही. तिच्या कागदावर कोणीतरी ‘मूकबधिर’ लिहून ठेवलं होतं. मॅडम जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात कामाला होत्या, महिन्यातून एकदा तिथे यायच्या. त्यांनी पाहिलं की कुकरची शिटी झाली की ही पोर दोन्ही कान दाबते. बहिऱ्या मुलीला कान दाबायची काय गरज? इतकी माणसं येऊन गेली, पण हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही, आणि कुकर तर मीच लावत होते. मग तपासण्या झाल्या, आणि कळलं की ती स्वमग्न आहे, ज्याला सगळे ऑटिझम म्हणतात. एके दिवशी मॅडम मला म्हणाल्या, “काकू, ही दिवसाचे दोन तास तुमच्याजवळ बसते. बाकी कोणाजवळ बसत नाही. घरी न्याल का?”

दत्तक नव्हे, फॉस्टर. म्हणजे मूल सरकारच्या ताब्यातलं आणि घर आपलं. बाल कल्याण समिती हुकूम देते, दर काही महिन्यांनी विचारपूस करते, आणि मूल त्या घरी बरं नाही असं वाटलं तर हुकूम मागेही घेते. आम्हाला मूलबाळ नाही. आमचे हे कळमन्याच्या मार्केटात मापारी होते, शेतकऱ्याचा माल तोलून द्यायचे. ते म्हणाले, “आण न. दोघंच तं आहो आपण.” मी आणली. आणि त्या दिवसापासून जी भीती लागली ती आजतागायत गेलेली नाही. लेकरू कागदावर आपलं नसलं की दूधवाल्यानं दार वाजवलं तरी वाटतं, न्यायला आले.

तर बांगड्या. तिसऱ्या का चौथ्या भेटीला मी धीर करून विचारलं, “मॅडम, हातातलं काहून काढता जी?” त्या म्हणाल्या, “राणूला आवाज टोचतो, काकू. आपल्याला किणकिण ऐकू येते, तिला भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखी येते.” मी त्याच दिवशी माझ्याही काढून डब्यात ठेवल्या. दोन दिवसांनी शेजारची शेवंताबाई चेहरा पाडून यांची तब्येत विचारायला आली. हे तिच्यासमोर बसून भजे खात होते. म्हणाले, “मी आहो अजून. बसा, भजे घ्या.”

मॅडम आधी कळवून यायच्या. आणि कळवलं की मी घर असं आवरायची, जशी मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत. नवी चादर, उदबत्ती, राणूच्या केसांना तेल. आता या सगळ्याचा तिला त्रास होतो हे मला ठाऊक होतं, पण मॅडम समोर बसल्यावर घर कसं दिसेल याचीच धास्ती मोठी. मे महिन्यातल्या एका भेटीला मी त्यावर कळस केला. राणू घाबरली की स्वतःच्याच मनगटाला चावायची. त्या आठवड्यात शेजारी लग्नाचा मांडव होता, बँड वाजत होता, आणि तिचे दोन्ही हात वळांनी भरले होते. मी तिला पुऱ्या बाह्यांचा फ्रॉक घातला.

मॅडम बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “काकू, बाहेर कावळासुद्धा उडत नाही इतकं ऊन आहे. आणि पोरीला पुऱ्या बाह्या?”

 त्यांनी हळूच बाही वर केली. बघितलं. मग माझ्याकडे बघून सरळ विचारलं, “हे तुम्ही केलं का?”

मी कानाला हात लावला.

“काकांनी?”

“नाही जी. तेच चावते, सोताले.”

“मग झाकलं कशाला?”

“तुम्ही घेऊन जासान म्हणून.”

त्या रागावल्या नाहीत, पण “माझा विश्वास आहे तुमच्यावर” असंही म्हणाल्या नाहीत. मला ते हवं होतं. त्या फक्त बसून राहिल्या. एक तास, दोन तास. राणूकडे बघायच्यासुद्धा नाहीत, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेत पाठ करून जमिनीवर बसायच्या, ती त्यांची रीतच होती. चारच्या सुमारास बँड पुन्हा सुरू झाला आणि राणूनं माझ्यादेखत, त्यांच्यादेखत मनगट तोंडात घातलं. मॅडमनी वही काढली आणि वेळ टाकून सगळं लिहिलं. बाह्यांचंही लिहिलं. जाताना म्हणाल्या, “झाकलेलं मला दिसतं, काकू. आणि दिसलं की मला वाटतं, अजून काय झाकलं असेल. यापुढे मी कळवून येणार नाही.” त्या गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि तिथेच खाली बसले. 

त्यांचं एकच म्हणणं असायचं: जसं झालं तसं लिहायचं. चांगलं झालं तेही, वाईट झालं तेही. राणूनं पहिल्यांदा माझ्या ताटातली पोळी उचलली, लिहिलं. राणूनं ताट भिंतीवर फेकलं, तेही लिहिलं. दिव्यांगाच्या दाखल्यासाठी आम्ही सरकारी दवाखान्यात रांगेत होतो तेव्हा टोकन पुकारणारा भोंगा वाजला आणि ही फरशीवर आडवी पडून डोकं आपटू लागली. एक बाई म्हणाली, “माय, बाहेरचं लागलं पोरीले. काहीतरी कर वं.” दुसरा म्हणाला, “घरी बांधून ठेवाव न अशाले.” मॅडमनी मांडी घालून राणूच्या डोक्याखाली स्वतःची पर्स सरकवली आणि त्या माणसाला म्हणाल्या, “तुमचं नाव सांगता का? म्हणजे कोण काय म्हणालं ते नीट लिहिता येईल.” तो रांग सोडून पाणी प्यायला गेला. नंतर त्यांनी आत जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर कडुनिंबाखाली आल्या आणि तिथेच बसून राणूला बघितलं.

आता ती गोष्ट सांगते जी आठवली की अजूनही उठून दाराची कडी बघते.

राणू तेव्हा दहा वर्षांची. हिवाळ्याचे दिवस, संत्र्याचा मोसम. सिलेंडरवाला आला, त्यानं दार उघडं टाकलं, मी आत कार्ड शोधत होते. बाहेर येऊन बघते तर पोर नाही. आमच्या कपाटाच्या दाराला आतून मॅडमनी एक कागद चिकटवून दिला होता, ‘हरवली तर’. पहिली ओळ: नावानं ओरडू नका, ती लपते. दुसरी ओळ: मागे धावू नका, ती पुढे धावते. तिसरी ओळ: आधी मला फोन करा. हा कागद मी रोज वाचत होते, पाठ होता. आणि मी काय केलं? रस्त्यावर उभी राहून “राणू, राणू” म्हणून ओरडले. माझं ऐकून अर्धी गल्ली ओरडत धावली. चांगली माणसं सगळी, काय करायचं. मॅडमला फोन केला तो अर्ध्या तासानं.

चौकातला एक फळवाला म्हणाला, लाल फ्रॉकची पोरगी रेल्वे फाटकाकडे जाऊन राहिली होती. फाटकाच्या पलीकडे कळमना. तेव्हा मला सुचलं. रविवारी बाजार बंद असताना हे तिला तोलकाट्यावर नेत, आकडे लाल लाल बदलताना ती तासभर बघत बसे. ती काटा बघायला निघाली होती. पण तो रविवार नव्हता. लिलावाची वेळ, संत्र्यांचे ढीग, ट्रकवर ट्रक, हमालांचा आरडाओरडा. फाटक ओलांडताना मी रुळांकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

यांना कळलं तसे ते काटा टाकून धावले. “मापाऱ्याची पोरगी हरवली गा” म्हणताच तीस-चाळीस हमाल कामं सोडून हाका मारत सुटले. इतक्या आवाजात ती पोर कुठे दडली असेल याचा विचार कोणी केला नाही. तेवढ्यात मॅडमची स्कूटी आली. त्या आल्या आणि आधी सगळ्यांना म्हणाल्या, “चूप बसा.” कोणी ऐकलं नाही. समोर एक भरलेला ट्रक सुरू होऊन धूर सोडत होता. त्या सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“किल्ली काढा, भाऊ.”

“काहून? माल भरला, निघाचं हाय मले.”

“दहा मिनिटं. इथली एकही गाडी हलणार नाही.”

“तुम्ही कोण हो बाई?”

“मी कोणी असो. खाली लेकरू असलं तर?”

त्यानं इंजिन बंद केलं. मग शेजारच्यानं केलं. यांनी हमालांना हात जोडले. हळूहळू सगळं आवार गप्प झालं. लिलावाच्या वेळी कळमन्यात तेवढी शांतता मी ना आधी ऐकली, ना नंतर. आणि त्या शांततेत एक बारीक सूर ऐकू आला. राणू घाबरली की एकच सूर धरते, न थांबता. सूर त्याच ट्रकच्या खालून येत होता. मागच्या चाकाला पाठ लावून ती बसली होती, कानांवर हात दाबून.

ड्रायव्हर खाली उतरला आणि पायरीवर डोकं धरून बसला. मॅडमनी तिला ओढून काढलं नाही, कोणाला काढू दिलं नाही. मला खूण करून जवळ बोलावलं आणि कुजबुजल्या, “बसा. बोलू नका. हात पुढे करू नका.” मी सालींच्या चिखलात बसले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग राणू गुडघ्यांवर रांगत आली आणि माझ्या पदरावर बसली.

संध्याकाळी मॅडम आमच्या घरी वही उघडून बसल्या आणि मी त्यांचे पाय धरले. म्हणाले, “मॅडम, एवढं नका लिहू जी. सापडली न ते? समितीनं वाचलं तं माझी पोर जाते.” हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मॅडमनी माझे हात सोडवले. म्हणाल्या, “काकू, पाय धरू नका. मी लिहिणार आहे.” आणि लिहिलं. दार उघडं राहिलं, काकूंनी नावानं हाका मारल्या, फोन उशिरा केला, मुलगी ट्रकखाली सापडली. एकेक ओळ मला वाचून दाखवली. त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही. मी मनात त्यांना काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

समितीपुढे बोलावणं आलं. अहवालाबरोबर कक्षातल्या वरच्या साहेबांची एक सूचनाही होती, की अशा मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवासी संस्थेत ठेवणं बरं. हे मला तीन दिवस घोकवत होते, “साहेबानं विचारलं तं सांगजो, काही भेव नाही, सगळं बरोबर हाय.” मी घोकत होते.  अध्यक्ष वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी अहवाल वाचला आणि विचारलं, “बाई, या मुलीला सांभाळायची तुम्हाला भीती नाही वाटत?”

मी मॅडमकडे बघितलं. त्या वहीत बघत होत्या.

“वाटते साहेब,” मी म्हणाले. घोकलेलं कुठे गेलं कोण जाणे. “रोज वाटते. दार लावलं का, गॅस बंद केला का, फाटकावर गाडी आली का. झोपीत सुद्धा हात लावून पाहतो हाय का म्हणून. आता कडी वर लावली, तिचा हात नाही पुरत तिथे. पण भेव तं वाटतेच.”

मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, “घराची चूक मी लिहिली आहे. आता आमची लिहा, साहेब. वर्षभर विशेष शिक्षिका मागते आहे, मिळाली नाही. पोलीस चौकीत मुलीचा फोटो आणि माहिती आधीच पाहिजे होती, दिली नाही. ती मी द्यायला हवी होती.” त्यांचा आवाज चढला नव्हता. सहा महिन्यांची मुदत मिळाली. आठवड्यातून दोनदा घरी शिक्षिका येणार, चौकीत फोटो लागणार. सहा महिने फक्त. पण राणू त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आली.

बाहेर चहाच्या टपरीवर मॅडमनी कप उचलला आणि परत ठेवला.  म्हणाल्या, “मलाही वाटलं होतं काकू, आज नेतील म्हणून.” मी म्हणाले, “मंग लिहिलं काहून जी एवढं?” तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्या आधीची एक पोर, अशीच न बोलणारी. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढली होती. तिच्या फॉस्टर आईनं अशीच विनवणी केली आणि मॅडमनी ती एक ओळ गाळली. लिहिलं असतं तर शिडीला जाळी लागली असती, कोणीतरी बघायला आलं असतं. दोन महिन्यांनी पोर पडली. “वाचली,” मॅडम म्हणाल्या. “पण त्या घरी परत नाही गेली.” मग चहा तसाच सोडून त्या स्कूटीकडे गेल्या. त्या दिवसानंतर मी त्यांच्यापासून काही झाकलं नाही. घाबरायची थांबले असं नाही. झाकायची थांबले.

मुदत दर वेळी वाढत गेली आणि आणखी चार वर्षं त्या येत राहिल्या. मग एका वर्षी त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. शेवटच्या भेटीला त्या नव्या मुलीला घेऊन आल्या, तिला पायरीवर बसवून सगळं समजावलं, राणूच्या वाटेत पाठ करून बसायला शिकवलं. निघताना राणूला हाक मारली नाही, डोक्यावर हात ठेवला नाही, कारण ते तिला आवडत नाही. थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, “येते.” मी म्हणाले, “फोन करत जा.” दोघींनाही माहीत होतं की आता फोन करायचा तो मीच. त्या भंडाऱ्याकडे एका शाळेत लागल्या.

राणू आता सतराची आहे. माझ्याएवढी उंच झाली. ती अठराची झाली की समितीचा हुकूम संपतो. पुढे पालक म्हणून नेमून घ्यायला कलेक्टर कचेरीत वेगळा अर्ज, वेगळी सुनावणी. माझे गुडघे गेले, यांना दोनदा धंतोलीच्या दवाखान्यात भरती करून झालं. तिथल्या बाकावर बसून एका दुपारी मी मॅडमना फोन लावला आणि म्हणाले, “जी, आमच्यामागं हिचं काय होईल?”

असं कोणालाही विचारा, लोक म्हणतात, होईल सगळं चांगलं, देव आहे. मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. मागे शाळेची घंटा वाजली, पोरांचा कलकलाट झाला आणि थांबला. मग त्या म्हणाल्या, “मले नाही माहीत, काकू.” इतक्या वर्षांत त्या माझ्याशी घरच्या बोलीत पहिल्यांदा बोलल्या. “मलेही भेव वाटते. पण अर्ज कोणत्या खिडकीवर द्याचा ते माहीत हाय. सोमवारी येतो मी.”

सोमवारी त्या पहिल्या बसनं आल्या. केस पांढरे झालेत. आम्ही चौघं कचेरीत गेलो. राणू जिन्याखालच्या कोपऱ्यात यांच्याजवळ बसली, मॅडम आणि मी खिडकीशी. त्यांनी अर्ज भरला, मी सही केली. शेवटच्या पानावर एक रकाना होता: अर्जदाराच्या पश्चात मुलीबाबत कोणाला कळवावे. मी तो कोराच सोडणार होते. नाव कोणाचं लिहायचं?

मॅडमनी पेन घेतलं. म्हणाल्या, “मी हिला सांभाळीन असं नाही म्हणत, काकू. तेवढं माझ्यानं होईल का, मला सांगता येत नाही. घरी सासू आहे, माझी पोरं आहेत. पण कोणी काही ठरवायच्या आधी मला विचारावं. एवढं लिहू का?”

 मी मान हलवली. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मोबाइल लिहिला.

खिडकीतल्या बाबूनं कागद उलटून बघितला आणि परत सरकवला. “नात्याचा रकाना रिकामा आहे. तुम्ही मुलीच्या कोण?”

मॅडमनी जिन्याखाली बघितलं. राणू भिंतीवरच्या विजेच्या मीटरचे आकडे बघत होती. मागे रांग वाढली, कोणीतरी खाकरलं. मग मॅडमनी त्या रकान्यात लिहिलं, ‘मुलीला ओळखते’, आणि कागद परत आत दिला.